अर्धं लाल, अर्धं हिरवं

पॉइन्सेटियाच्या, म्हणजे हिवाळ्यात शेंड्याची पानं लाल होणाऱ्या शोभेच्या झाडाच्या, चोवीस कुंड्या. सगळ्या टवटवीत, गर्द हिरव्या, आणि दोन वर्षांत, शेवटची कुंडी सोडली तर, एकीवरही लाल पान नाही. एका कार्यालयाच्या व्हरांड्यात त्या दोन ओळींत मांडलेल्या होत्या. माळीकाकांनी निगराणीत काही कमी ठेवलं नव्हतं, त्यामुळे त्यांचा पहिला प्रश्न साहजिक होता, "ताई, खत कमी पडतंय का?"

खत कमी नव्हतं, उलट जास्त होतं. फुलांसाठी म्हणून फॉस्फरस जास्त असलेलं खत दर आठवड्याला पडत होतं. कुंड्यांच्या काठावर क्षाराचा पांढरा, खरखरीत थर जमला होता. एका कुंडीतून निथरलेल्या पाण्याचा ईसी, म्हणजे पाण्यात किती क्षार विरघळलेत ते सांगणारा आकडा, 5.8 निघाला. इतक्या क्षारात मुळांना पाणी ओढायलाच कष्ट पडतात. ती कुंडी अलगद उपडी केली, तर बाहेरच्या मुळांची टोकं तपकिरी पडलेली, आतली मात्र पांढरी. म्हणजे झाड सावरण्यासारखं होतं. फॉस्फरस वाढवला की फुलं वाढतात ही समजूत फार घट्ट बसलेली आहे. प्रत्यक्षात जादा फॉस्फरसमुळे लोह आणि जस्त मिळेनासं होतं आणि नवी पानं पिवळी पडतात. कळीचा हुकूम खतातून येत नाही.

उलगडा झाला तो शेवटच्या, खांबाला टेकून ठेवलेल्या कुंडीपाशी. खोड एकच, त्याला तीन फांद्या. खांबाच्या बाजूच्या दोन फांद्यांच्या शेंड्यांना लाल पानं होती, फिकी पण लालच. तिसरी फांदी, जी खांबाच्या पुढे डोकावत होती, ती पूर्ण हिरवी. मूळ एक, माती एक, खत एक. मातीत काही कमी-जास्त असतं तर झाड असं मधोमध वाटलं गेलं नसतं. हिरव्या फांदीच्या पानांवरून सरळ रेषेत नजर नेली, तर ती जिन्याच्या दिव्यावर जाऊन थांबली.

रात्री नऊला परत गेले आणि पानांच्या उंचीवर लक्समीटर, म्हणजे उजेड मोजायचं यंत्र, धरला. ओळींमध्ये 40 ते 70 लक्स, खांबाच्या सावलीत जेमतेम 2. सुरक्षेसाठी तो दिवा रात्रभर चालू असायचा. आपल्या डोळ्यांना 40 लक्स अंधुक वाटतो, पण पॉइन्सेटियाची रात्र मोडायला 10-20 लक्ससुद्धा पुरतात. चांदण्याची मात्र भीती नको. पौर्णिमेलाही ते अर्ध्या लक्सच्या आतच राहतं.

हे झाड दिवस मोजत नाही, रात्र मोजतं. पानांत फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य असतं. लाल प्रकाश पडला की ते एका रूपात जातं, सलग अंधारात हळूहळू दुसऱ्या रूपात परततं. अंधार पुरेसा लांबला तरच शेंड्याला फुलाकडे वळायचा निरोप जातो. मध्येच दिवा लागला की मोठ्या रात्रीच्या दोन लहान रात्री होतात आणि झाड फक्त पानं वाढवत राहतं. पिवळसर दिव्यात हा लाल भाग भरपूर असतो, म्हणून तो अधिक नडतो. कलांचो या कुंडीतल्या फुलझाडाचंही गणित हेच.

उपाय दोन टप्प्यांत केला. आधी क्षार धुतले. 5 लिटर मातीच्या कुंडीला 10 लिटर साधं पाणी, एकदम न ओतता तीन-चार हप्त्यांत, आणि खालची ताटली काढून. मग दोन आठवडे खत बंद. नंतर नत्र, स्फुरद, पालाश समतोल असलेलं खत, डब्यावरच्या मात्रेच्या निम्मं, पंधरा दिवसांतून एकदा. फांद्या छाटल्या नाहीत. छाटणी अंधार सुरू करण्याच्या महिना-दीड महिना आधी उरकायची असते, उशिरा केली तर तयार होऊ घातलेले शेंडेच जातात. (छाटताना हातमोजे घालावेत, चीक काहींच्या त्वचेला बाधतो.)

मग अंधार. संध्याकाळी 5 ते सकाळी 8, असे सलग 15 तास. 14 तास पुरतात, पण झाकायला थोडा उशीर होतोच, म्हणून एक तास वरकड. काळं प्लास्टिक टाळलं, कारण त्यात ऊब आणि ओल साठते. रात्रीचं तापमान 24 अंशांच्या वर गेलं की अंधार असूनही फूल लांबतं, 16 ते 20 अंश उत्तम. बांबूच्या चौकटीवर दुहेरी काळं कापड टाकलं, पानांना टेकणार नाही असं. आत डोकं घालून पाच मिनिटं थांबायचं. आपली बोटं दिसली तर कापड पातळ आहे. दिवसा मात्र कापड पूर्ण काढून निदान सहा तास लख्ख उजेड द्यायचा. दिवसभर अंधारात कोंडलेली झाडं पानं गाळतात.

व्हरांड्याच्या कोपऱ्यात अ‍ॅमरिलिस या कंदापासून येणाऱ्या फुलझाडाच्या तीन कुंड्याही रुसलेल्या होत्या, म्हणजे फुलत नव्हत्या. तिथे कारण वेगळं होतं. कंद मानेपर्यंत पुरलेले आणि फूल सरल्यावर पानंही कापलेली. हा कंद साधारण चार पानांमागे एक फुलाचा दांडा आतल्या आत तयार करतो, त्यामुळे पान कापलं की पुढचं फूलच कापलं जातं. कंदाचा वरचा तिसरा हिस्सा मातीबाहेर काढला आणि कुंड्या उन्हात नेल्या. पानांना पूर्ण हंगाम वाढू द्यायचं, मगच पाणी तोडून आठ-दहा आठवडे विश्रांती.

पॉइन्सेटियात पहिला बदल चौथ्या आठवड्यात दिसला. शेंड्याजवळच्या नव्या पानांच्या देठाशी लाली आली आणि शिरांवरून पुढे सरकत गेली. जुनी पानं हिरवीच राहिली, ती रंगत नाहीत. मधे एका रात्री कापड टाकायचं राहिलं, म्हणून झाकण्याचा काळ चार दिवसांनी वाढवला. दहाव्या आठवड्यात लाल पानांच्या मधोमध खरी फुलं, म्हणजे पिवळ्या मण्यांसारखे पेले उमलले, तेव्हा झाकणं थांबवलं. दिव्यावर खाली झुकणारी पत्र्याची टोपी बसवली, तेव्हापासून ओळींत रात्री 3 लक्सच्या वर आकडा जात नाही.

चोवीसपैकी तेवीस कुंड्या पूर्ण रंगल्या. एका टोकाच्या कुंडीची खालची फांदी हिरवी राहिली. त्या बाजूला कापड वीतभर कमी पडत होतं.