चार दिवस मागं पडलेलं घड्याळ

मी सांगलीत कॉम्प्युटर दुरुस्तीची कामं करतो. परवा गावभागातून एका ताईंचा फोन आला. त्या एका साप्ताहिकात लिहितात. "दादा, नेट चालू आहे, पण टॉर काही केल्या जोडत नाही. आणि मला ते आजच लागणार आहे." टॉर म्हणजे आपला पत्ता लपवून नेट वापरायची सोय. ती कशाला हवी, ते मी विचारलं नाही. टेबलावर ठेवपावत्यांच्या झेरॉक्सचा गठ्ठा दिसला, तेवढं पुरे होतं.

कनेक्शनच्या सेटिंगमध्ये त्यांनी सगळं करून पाहिलं होतं. टॉर अडवलेलं असलं तर आडवाटेनं जोडून देणारे ब्रिज असतात; त्यातला ओबीएफएस४ झाला, स्नोफ्लेक झाला. प्रॉक्सीच्या, म्हणजे मधल्या सर्व्हरच्या, रकान्यात जुन्या ऑफिसचा पत्ता तसाच होता. तो मी पुसला, ब्रिज बंद केला. जोडणीची पट्टी जराशी सरकली आणि पुन्हा अडकली.

मग लॉग, म्हणजे टॉरची नोंदवही, उघडला. त्यात घड्याळाची तक्रार. कोपऱ्यात बघतो तर तारीख चार दिवस मागची! ताई चार दिवस विट्याला माहेरी होत्या, जाताना मेन स्विच बंद करून गेलेल्या. मदरबोर्डवरचा सेल संपत आलेला, त्यामुळे वीज बंद झाली की घड्याळही तिथंच थांबायचं.

साध्या साइटना चार दिवसांचा फरक खपतो, त्यांची ओळख पटवणारी प्रमाणपत्रं काही महिने चालतात. टॉरमध्ये मात्र चालू रिलेंची, म्हणजे ज्यांच्यातून आपली माहिती पुढं जाते त्या सर्व्हरची, यादी दर तासाला नवी निघते आणि तिची मुदत जेमतेम तीन तास. ताईंच्या मशीनला आजची यादी पुढच्या तारखेची वाटत होती, म्हणून ते ती घेईना. हा कडकपणा मला मनापासून पटतो. नाहीतर जुनी यादी पुढं करून कुणीही फसवेल.

पिशवीत सीआर२०३२ सेल होता. तो बसवला, तारीख-वेळ लावली, कनेक्ट दाबलं. ब्रिजशिवायच पट्टी भरली. ताई खुर्चीत मागं टेकल्या.

निघताना राहवेना. म्हटलं, "ताई, पहिल्या रिलेला तुमचा पत्ता कळतो, पण तुम्ही कुठं चाललाय ते कळत नाही. शेवटच्याला साइट कळते, तुम्ही नाही. पण फाइलच्या आतलं टॉर झाकत नाही." त्यांनी पाठवायच्या फाइलची प्रॉपर्टीज उघडली. लेखकाच्या रकान्यात त्यांचं नाव, आडनावासकट.

दोघंही क्षणभर गप्प. मग एकेक फाइल उघडून नाव काढत बसलो. सतरा फाइली होत्या. अपलोडची वेळ आली तसा मी उठून बाहेर सोप्यात जाऊन बसलो.