सगळं ठीक होतं ना तुमचं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. परवा हळदीकुंकवाला वाण हातात देता देता एकीने आवाज खाली आणून विचारलं, "तीन वर्षं तू सांगलीत, तो न्यू जर्सीत. सगळं ठीक होतं ना तुमचं?" मी नेहमीचं उत्तर दिलं. व्हिसा लांबला.

ते खोटं नाही. डिसेंबर २०१८ ला लग्न, जानेवारीत आय-१३० भरला, म्हणजे नवऱ्याने बायकोला अमेरिकेत कायमचं बोलावण्यासाठी करायचा अर्ज. नवरा सिटिझन नव्हे, ग्रीन कार्डवाला, म्हणजे आमची रांग एफ-टू-ए, ग्रीन कार्डवाल्यांच्या बायका-मुलांची. फेब्रुवारी २०२० मध्ये अर्ज मंजूर झाला. मार्चमध्ये मुंबईच्या वकिलातीने नेहमीचं काम बंद केलं आणि एप्रिलमध्ये कायमचं राहायला येणाऱ्यांचे व्हिसा थांबवणारा ट्रम्प यांचा आदेश निघाला. त्यातून सिटिझनच्या बायका वगळल्या होत्या, आमच्यासारख्या नाही. तो रद्द व्हायला फेब्रुवारी २०२१ उजाडला.

"मग टूरिस्ट व्हिसावर जाऊन यायचं!" हेही विचारता. त्या फॉर्मवर स्पष्ट प्रश्न असतो, तुमच्यासाठी कुणी इमिग्रंट अर्ज भरलाय का? 'हो' लिहायचं आणि वर मी परत येणार हे पटवायचं. मला तो धोका घ्यायचा नव्हता. माझ्या ओळखीतली एक जण तशीच गेली, महिनाभर राहून परतही आली, हेही सांगून टाकते. म्हणजे हुशारी की भित्रेपणा, हे तुम्हीच ठरवा. मी रोज वेगळं ठरवते.

पण आवाज खाली आणून तुम्ही हे विचारत नसता, ते मला कळतं.

ऑगस्ट २०२० मध्ये आम्ही नॅशनल व्हिसा सेंटरला, म्हणजे मुलाखतीआधी कागद तपासणाऱ्या अमेरिकन कचेरीला, कागद चढवत होतो. माझ्याकडचे सगळे तयार होते. जन्मदाखला, लग्नाचा दाखला, पोलीस क्लिअरन्स. आदल्या वर्षीच्या पुरात आमचा अल्बम भिजला होता, त्यातले बरे फोटोही वेगळे काढून ठेवले होते. राहिला होता फक्त त्याचा आय-८६४, म्हणजे बायकोला पोसायची ऐपत असल्याचं हमीपत्र. दोघांच्या घराला त्या वर्षी २१,५५० डॉलर उत्पन्न पुरत होतं. त्याचा पगार त्याहून पुष्कळ जास्त होता, म्हणून मला तो भाग नुसता सोपस्कार वाटत होता. मी पे स्टब, म्हणजे पगाराच्या पावत्या, मागितले. "पाठवतो." चार दिवसांनी पुन्हा मागितले. "पोर्टल चालत नाहीये." दहाव्या दिवशी मी चिडून म्हटलं, "अरे, एका पीडीएफसाठी वर्ष घालवशील का?" फोनवर बराच वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाला, "मे महिन्यापासून जॉब नाहीये."

तो एका हॉटेलच्या हिशेब विभागात होता. कुठलं हॉटेल चालत होतं तेव्हा? नोकरी गेली यात त्याचा दोष नव्हता, हे मला त्या क्षणीही कळत होतं. पण रोज संध्याकाळी साडेसहाला, म्हणजे त्याच्या सकाळी नऊला, मी देवापाशी दिवा लावत असताना त्याचा मेसेज यायचा, 'चल, लॉग इन करतो. मीटिंग आहे.' जूनभर, जुलैभर, रोज.

सासूबाईंना माहीत होतं. मिरजेत, आमच्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटांवर. "तुला उगाच ताण नको म्हणून गं." मी त्या आठवड्यातच त्यांच्याकडे श्रावणातल्या शुक्रवारचं पुरण जेवून आले होते. वाढताना त्यांनी विचारलं होतं, "बोलणं होतं ना रोज?"

मग त्याच्या आतेभावाने जॉइंट स्पॉन्सर म्हणून सही केली. ज्या माणसाला मी लग्नात एकदा पाहिलं होतं, त्याने मला पोसायची हमी सरकारला दिली. मी आईला काही सांगितलं नाही. म्हणजे मीही तेच केलं, त्याने केलं ते. हे लिहिताना लक्षात येतंय असं नाही, तेव्हाही येत होतं.

ऑक्टोबरमध्ये त्याला दुसरी नोकरी लागली. पुढच्या ऑक्टोबरात, २०२१ मध्ये, मुंबईची मुलाखत आली. नातं खरं असल्याचा पुरावा न्यायचा म्हणून मी विश्रामबागच्या झेरॉक्सवाल्याकडे बसून आमच्या चॅटच्या प्रिंट काढल्या. भांडणं आधीच गाळली होती. (ऑगस्ट २०२० पूर्णच गाळला, त्यात एकही वाक्य सरकारी डोळ्यांसाठी नव्हतं.) जून-जुलैची पानं हातात घेऊन मात्र अडले. ठेवली तर खोटं, काढली तर तीन महिने नवरा-बायको गप्प! दुकानातला पोरगा म्हणाला, "मॅडम, स्पायरल करू का?" मी सगळी ठेवली. 'चल, लॉग इन करतो,' आमचं लग्न खरं असल्याचा पुरावा, दोन रुपये पान.

बीकेसीतल्या वकिलातीत खिडकीपलीकडच्या बाईंनी लग्नाचा दाखला घेतला. कुठे भेटलात, नवरा काय करतो, शेवटचा कधी आला होता? पाच मिनिटांत संपलं. स्पायरलला त्यांनी हातही लावला नाही. बाहेर आले तेव्हा आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. एवढं चाळून, निवडून, लपवून आणलं होतं, एक पान तरी उलटायचं!

तेव्हा मी ठरवलं होतं, एकदा सोबत राहायला लागलो की हे पुसलं जाईल. २०२१ मधल्या मला आता सांगावंसं वाटतं, बाई गं, तुला सोबत राहण्याचा अनुभव होता कुठे? लग्नानंतरचे एकोणीस दिवस आणि त्याच्या दोन सुट्ट्या.

तर ठीक होतं का? तो माणूस चांगला आहे. हे मी नेहमी आधी सांगते आणि तुम्ही मान डोलावता.

तो आता घरूनच काम करतो, वरच्या खोलीतून. सकाळी नऊला कॉफीचा मग घेऊन "चल, मीटिंग आहे" म्हणत जिना चढतो. मी खाली ओट्याशी नळ बंद करून थोडा वेळ उभी राहते, वरून बोलण्याचा आवाज येतोय का ऐकत. बहुतेक वेळा येतो.