टॅन हिल इनला जरूर जा, पुढची दलदल मात्र टाळा

इंग्लंडमधल्या पेनाइन वे या लांब पल्ल्याच्या पायवाटेवर उत्तरेकडे निघालेल्यांना आधीच सांगून ठेवतो. टॅन हिल इन या सराईतून बाहेर पडलात की पायवाटेची ओकच्या फळाची खूण तुम्हाला स्लाइटहोम मूर या दलदलीच्या माळाकडे वळवते. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर तिकडे वळू नका. आम्ही वाचलेल्या मार्गवर्णनात या टप्प्याबद्दल 'काही ठिकाणी ओलसर' एवढंच होतं. ओलसर? गुडघाभर पाय जातो! असं लिहिणारा तिथून चाललाच नसावा.

खाली पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची काळी माती आहे. तिच्यातून पाणी मुरत नाही, उतार नसल्यामुळे वाहूनही जात नाही. पांढऱ्या टोकाचे खुणेचे खांब दिसतात, पण दोन खांबांच्या मधे वाट अशी नाहीच. आपल्याकडे आषाढात चिखलणी केलेल्या खाचरात पाय जातो तसा इथे जातो, फक्त बाजूला बांध नसतो. हिरवंगार, मऊ शेवाळ दिसलं की तिथे हमखास खोल. तपकिरी गवताच्या गड्ड्यांवर पाय टाका आणि पुढे टाकण्याआधी काठीनं टोचून बघा. वॉटरप्रूफ बुटांचा उपयोग शून्य, कारण पाणी वरून शिरतं. गेटर्स, म्हणजे बुटांवरून पोटरीपर्यंत बांधायची आवरणं, हवीतच. आमच्यातल्या एकाचा बूट चिखलातच राहिला आणि तो हातानं उपसून काढावा लागला.

आणि हे सगळं टाळता येतं, याचाच राग जास्त आहे. सराईपासून आर्कनगार्थडेल खोऱ्याकडे उतरणारा डांबरी रस्ता धरा. पुढे डावीकडे स्लाइटहोम मूर रोड नावाचा खडीचा रस्ता फुटतो, तो दलदलीच्या पलीकडे मूळ वाटेला मिळतो. अंतर थोडं वाढतं, वेळ वाचतो. धुकं असेल तर दुसरा विचारच करू नका.

आता सराई. समुद्रसपाटीपासून 528 मीटरवरचा हा ब्रिटनमधला सर्वांत उंच पब. इमारत सतराव्या शतकातली. इतक्या उजाड माळावर सराई कशाला, असं वाटतं, पण एकेकाळी आजूबाजूला कोळशाच्या खाणी होत्या आणि घोड्यांवर माल लादून नेणारे व्यापारी इथूनच जायचे. 1965 साली 431 किलोमीटरचा पेनाइन वे अधिकृतपणे सुरू झाला आणि गिऱ्हाईक बदललं, एवढंच. जाड दगडी भिंती, काळपट तुळया, पेटती शेकोटी. ओल्या मोज्यांनी आत शिरलात तरी कुणी भुवई उंचावत नाही. गरम जेवण पुढ्यात आल्यावर मला खरंच भरून आलं. इंग्लंडमध्ये चकचकीत जुन्या सराया पुष्कळ आहेत. ही त्यातली नाही, आणि म्हणूनच मला ती सगळ्यांत आवडली.

इथल्या हवामानाला मात्र हलक्यात घेऊ नका. नोव्हेंबर 2021 मध्ये आर्वेन वादळात बर्फानं रस्ते बंद झाले आणि गाणी ऐकायला आलेली 61 माणसं तीन रात्री इथेच अडकली. बाहेर वाऱ्यात उभं राहिलं की ते लगेच पटतं.

दक्षिणेकडून, केल्ड गावातून येणारा चढ सोपा आहे, सह्याद्रीत फिरणाऱ्याला काहीच नाही. फक्त वाट सोडून शॉर्टकट मारू नका, माळावर जुन्या खाणींचे खड्डे आहेत.

मुक्काम आधी बुक करा. मे अखेरीस इथे स्वेलडेल मेंढ्यांचं प्रदर्शन भरतं, त्या सुमारास तर अगदी लवकर. टॅक्सीनं येणार असाल तर भाडं फोनवरच पक्कं करून घ्या. आम्हाला आणणाऱ्यानं पोचल्यावर 'रस्ता खराब आहे' म्हणत आकडा वाढवला आणि भर वाऱ्यात सॅक खाली ठेवून घासाघीस करावी लागली. मोज्यांचे जास्तीचे जोड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून सॅकमध्ये सगळ्यांत वर ठेवा.