टेबलावरचा फोन आणि एम.ए.चं प्रोजेक्ट

एम.ए. मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाला ‘संशोधन पद्धती’ हा पेपर असतो, आणि फ्रॉइडच्या ओढीने या विषयाकडे आलेल्यांचा पहिला भ्रमनिरास तिथेच होतो. स्वप्नं आणि मनाचे कप्पे राहतात बाजूला. फळ्यावर येतात नमुना, व्हेरिएबल, विश्वसनीयता, वैधता. मी मूळची कॉमर्सची, बरीच वर्षं अकाउंट्समध्ये काढून उशिरा इकडे आलेली. त्यामुळे आकड्यांची भीती नव्हती. पण आकडा कागदावर येण्याआधी किती गोष्टी ठरवाव्या लागतात, याचा अंदाज मला या पेपरसोबतच्या छोट्या प्रोजेक्टनेच दिला.

विषय शोधायला लांब जावं लागलं नाही. मी पुण्यात सदाशिव पेठेत राहते. आमच्याकडे दर दोन-चार इमारतींमागे एक अभ्यासिका आहे आणि प्रत्येक अभ्यासिकेत एमपीएससीची तयारी करणारी मुलं-मुली रात्री उशिरापर्यंत बसलेली असतात. पुस्तक उघडं आणि शेजारी फोन. मी झोकात शीर्षक लिहून नेलं: ‘स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांमधील मोबाइल वापराचा अभ्यासातील यशावर होणारा परिणाम’.

मॅडमनी ते वाचलं आणि पेन्सिलीने तीन शब्दांखाली रेघा ओढल्या. वापर, यश, परिणाम. “वापर कशात मोजणार? मुलांना विचारून? ती सांगतील दोन तास, आणि फोनमधली नोंद काढली तर निघतील पाच. यश म्हणजे काय? पूर्व परीक्षा पास होणं? मग तुमच्या अभ्यासिकेतले बहुतेक सगळे एकाच रकान्यात जातील. आणि परिणाम तर तुम्हाला लिहिताच येणार नाही.”

हा तिसरा मुद्दा मी पुस्तकात वाचला होता, पण तो अंगावर आला तेव्हाच नीट कळला. समजा, फोन जास्त वापरणाऱ्यांचे टेस्ट सिरीजमधले मार्क कमी निघाले. फोनमुळे मार्क कमी झाले, की मार्क कमी पडतात म्हणून मन रमवायला फोन हातात येतो? की दोन्हीच्या मागे तिसरंच काही आहे? घरून पैसे यायचे बंद झालेत, खोलीवर सहाजण झोपतात, अशा मुलाची झोपही जाते, मार्कही जातात आणि फोनही वाढतो. सहसंबंध मिळेल, पण कारण मिळणार नाही. कारण हवं असेल तर प्रयोग करायचा, म्हणजे फोनची जागा मी ठरवायची आणि बाकी सगळं शक्य तितकं सारखं ठेवायचं.

मग प्रश्न आकसत आकसत एवढा उरला: फोन नुसता टेबलावर असला, वाजला नाही, हातात घेतला नाही, तरी स्मरणशक्तीच्या कामावर फरक पडतो का? हा प्रश्न माझा नव्हे. 2017 साली टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन कॅम्पसमधल्या एड्रियन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी हेच तपासलं होतं. काहींचे फोन टेबलावर, काहींचे खिशात किंवा बॅगेत, काहींचे दुसऱ्या खोलीत, सगळे सायलेंटवर. दुसऱ्या खोलीत फोन ठेवलेल्यांची कामगिरी टेबलावर फोन असलेल्यांपेक्षा चांगली निघाली. पुढे इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला तेव्हा कुणाला फरक मिळाला, कुणाला नाही. मॅडम म्हणाल्या, “छान. भांडण चालू असलेल्या ठिकाणीच जावं.”

यानंतरचे बरेच दिवस फक्त व्याख्या लिहिण्यात गेले. बाहेरच्याला हा शब्दच्छल वाटेल, पण खरं काम तिथेच होतं. ‘फोन’ म्हणजे त्या विद्यार्थ्याचा स्वतःचा स्मार्टफोन. ‘टेबलावर’ म्हणजे उजव्या हाताला, पालथा, सायलेंट आणि व्हायब्रेशनही बंद. ‘दूर’ म्हणजे पाकिटात घालून, नंबर टाकून अभ्यासिकेच्या ऑफिसातल्या कपाटात. ‘स्मरणशक्ती’ म्हणजे ऐकलेले अंक उलट क्रमाने लिहिणं: 4-9-2 ऐकलं की 2-9-4. दरवेळी एक अंक वाढवत जायचं आणि जिथे अडेल तो त्याचा आकडा. स्मरणशक्ती एवढीच असते का? मुळीच नाही. पण जे मोजलं ते नेमकं काय, हे निदान दुसऱ्या कुणाला सांगता येतं.

अंक वाचायचे कुणी, यावर घरी बराच काथ्याकूट झाला. मी वाचले असते तर फोनवाल्या गटासमोर नकळत भरभर किंवा सपाट वाचण्याची शक्यता होती, कारण काय निकाल यावा हे मला मनातून ठाऊक होतं. मानसशास्त्रात याचं उदाहरण म्हणून एक घोडा फार प्रसिद्ध आहे. बर्लिनचा हान्स. त्याचा मालक फॉन ओस्टेन हा गणिताचा निवृत्त शिक्षक. हान्स टापा मारून बेरजा सांगायचा. 1907 साली ऑस्कर फुंग्स्टने दाखवून दिलं की विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तर हान्सचंही उत्तर चुकतं. योग्य टाप पडली की माणसाच्या मानेत, चेहऱ्यात जी बारीकशी हालचाल होते, ती पाहून तो थांबायचा. मालक लबाड नव्हता. त्याला स्वतःलाच हे माहीत नव्हतं. घोड्याला जे कळतं ते एमपीएससीच्या पोरांना कळणार नाही असं कसं धरायचं? म्हणून मैत्रिणीच्या आवाजात, सेकंदाला एक अंक अशा लयीत सगळं रेकॉर्ड केलं. दोन्ही गटांना तोच आवाज.

आता पायलटची गोष्ट, जी मला या सगळ्या खटाटोपातली सर्वांत आवडती वाटते. मुख्य प्रयोगाआधी चार-पाच जणांवर चाचणी घेऊन पाहायची असते. त्यात एक मुलगा असा निघाला की अंक वाढत गेले तरी हा अडेचना. संपल्यावर विचारलं, कसं काय जमतं? तो सहज म्हणाला, “ताई, यात 1-8-4-8 आलं ना, ती भिडेवाड्यातली शाळा. पुढे 1-9-2-7, महाड. दोन सनावळ्या लक्षात ठेवल्या की झालं, मग उलटं लिहायला काय लागतं?”

मी यादी काढून पाहिली. अंक मी संगणकाकडून यादृच्छिकच घेतले होते, पण यादृच्छिकात अशी वर्षं येऊन जातातच, आणि आली की या मुलांच्या नजरेतून सुटत नाहीत. जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने 1956 च्या लेखात माणसाच्या एका वेळी लक्षात किती राहतं, त्यासाठी सात अधिक-उणे दोन हा आकडा सांगितला, तो सुट्या अंकांचा नसून गठ्ठ्यांचा आहे, हे मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. इथे गठ्ठा बांधणारा माणूस समोर बसला होता. अमेरिकेत अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी 1980 साली अशाच एका विद्यार्थ्याबद्दल लिहिलं आहे. तो धावपटू होता, अंकांना शर्यतीच्या वेळा समजून लक्षात ठेवायचा आणि दोनशेहून जास्त तासांच्या सरावानंतर 79 अंकांपर्यंत पोचला. आमच्याकडे शर्यतीऐवजी आधुनिक महाराष्ट्राचा इतिहास. मी याद्या नव्याने केल्या आणि 1 च्या लगेच पुढे 8 किंवा 9 येणार नाही अशी अट घातली. मुलगा नाराज झाला. “मग मजाच गेली,” म्हणाला.

अभ्यासिकेच्या काकांची परवानगी चहावर मिळाली. मुलांनी मात्र संमती इतक्या सहज दिली नाही. मी दीड पानाचं संमतीपत्र केलं होतं: भाग घेणं ऐच्छिक, नाव कुठेही येणार नाही, कधीही थांबता येईल. माझा समज होता की सगळे न वाचता सही करतील. पण शासन निर्णय कोळून प्यायलेली ही जमात. एकीने विचारलं, “चौथ्या मुद्द्यात ‘कधीही’ लिहिलंय. म्हणजे सुरू झाल्यावरही उठता येईल?” हो, येईल. आणि एकजण खरंच मधेच उठला. दुसऱ्या परीक्षेचा निकाल लागल्याची कुजबुज खोलीत आली आणि तो “सॉरी ताई” म्हणून कपाटातल्या पाकिटाकडे धावला. हाताशी आलेला नमुना असा जाताना पोटात कालवतं. पण दुसऱ्याला विजेचे झटके देण्याचा हुकूम माणूस कुठवर पाळतो, हे पाहणाऱ्या, येल विद्यापीठात 1961 मध्ये सुरू झालेल्या मिलग्रॅमच्या प्रयोगांत थांबू पाहणाऱ्यांना “प्रयोगासाठी पुढे चालू ठेवणं गरजेचं आहे” असं सांगून बसवलं जायचं, आणि ‘कधीही’ हा शब्द असल्याच प्रयोगांनंतर संमतीपत्रात इतका घट्ट बसला. त्याची उत्तरपत्रिका मी बाजूला ठेवली.

गट पाडायला साध्या चिठ्ठ्या केल्या. आधी आलेले एका गटात, नंतरचे दुसऱ्यात, हे सोपं पडलं असतं; पण सकाळी सातला येणारी मुलं आणि अकराला येणारी मुलं एकाच मुशीतली नसतात. शिवाय लवकर येणारा पंख्याखालची जागा पकडतो. चिठ्ठीने पंखा, झोप, बुद्धी, नाश्ता सगळंच दोन्ही गटांत विखुरतं. निदान विखुरण्याची संधी तरी मिळते. प्रयोग नेमका कशाचा आहे हे आधी सांगितलं नव्हतं, ‘स्मरणशक्तीचा अभ्यास’ एवढंच. फोन कुठे ठेवायचा ती सूचना इतर सूचनांच्या ओघात दिली. संपल्यावर खरं सांगणं बंधनकारक असतं, ते केलं. तरी सुरुवातीलाच एका कोपऱ्यातून प्रश्न आला, “ताई, निगेटिव्ह मार्किंग आहे का?” मार्टिन ऑर्नने 1962 मध्ये लिहिलंय की प्रयोगात बसलेला माणूस निमूटपणे अंक लिहीत नाही, इथे आपल्याकडून काय अपेक्षित आहे, याचा तो सतत अंदाज घेत असतो. इथे तर वर्षानुवर्षं पेपर काढणाऱ्याचं मन ओळखायचीच तालीम झालेली.

नमुन्याबद्दल मॅडमनी वेगळं लिहायला लावलं. जेफ्री आर्नेटने 2008 मध्ये अमेरिकेतल्या सहा मोठ्या नियतकालिकांचा हिशोब मांडला होता. त्यांतल्या अभ्यासांचे 96 टक्के नमुने पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले, आणि जगाची जेमतेम 12 टक्के लोकसंख्या तिथे राहते. माझा नमुना त्या 96 टक्क्यांत नाही, याचा मला उगाच अभिमान वाटत होता. मॅडम म्हणाल्या, “तुमचाही विचित्रच आहे, फक्त वेगळ्या प्रकारे.” खरंच होतं. विशीतली, पाठांतरात मुरलेली, बहुतेक मराठवाडा-विदर्भातून आलेली मुलं. त्यांच्यावरून शेजारच्या आजोबांबद्दल काही बोलता येणार नाही.

आकडेमोडीला एक संध्याकाळ पुरली. फोन कपाटात असलेल्या गटाचं मध्यमान, म्हणजे सरासरी, किंचित जास्त आलं. किंचितच. दोन सरासऱ्यांतला फरक तपासणारी टी-टेस्ट लावली तर पी, म्हणजे खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता, 0.05 च्या बरीच वर. फिशरने 1925 च्या पुस्तकात सोयीची म्हणून सुचवलेली ही मर्यादा आज उंबरठ्यासारखी वापरली जाते आणि मी उंबरठ्याबाहेर. वर्गातल्या एकाने आकडे पाहून सांगितलं, “हे दोघं बघा, फोन नसूनही इतके कमी. झोपले असतील. काढून टाका, लगेच पी 0.05 च्या खाली येईल.” काढून पाहिले असते तर कदाचित आलाही असता. पण मग दुसऱ्या गटातला कोण झोपला होता, हे मी तितक्याच आस्थेने शोधलं असतं का? 2011 मध्ये सिमन्स, नेल्सन आणि सिमन्सन या तिघांनी मुद्दाम अशाच पळवाटा वापरून ‘सिद्ध’ करून दाखवलं की बीटल्सचं एक गाणं ऐकल्याने माणसाचं वय जवळपास दीड वर्षाने कमी होतं. कमी झाल्यासारखं वाटतं असं नव्हे, खरंच कमी होतं. त्यांचा तो पेपर प्रत्येक वर्गात फळ्याशेजारी टांगून ठेवावा असं माझं मत आहे. निकाल होता तसा लिहिला.

तोंडी परीक्षेला बाहेरच्या परीक्षकांनी एकच प्रश्न लावून धरला: “मग फोनचा परिणाम नाही, असं म्हणायचं का?” नाही, असं म्हणता येत नाही. मध्यम आकाराचा फरक असेल आणि तो पकडण्याची शक्यता 80 टक्के तरी हवी असेल, तर प्रत्येक गटात 64 माणसं लागतात. माझ्या अख्ख्या हॉलमध्ये तेवढ्या खुर्च्या नव्हत्या. माझ्या जाळ्याची भोकं मोठी होती. मासा नाही मिळाला म्हणून तळं रिकामं ठरत नाही. “हे रिपोर्टमध्ये लिहिलंय?” त्यांनी विचारलं. मर्यादांच्या भागात पहिलंच वाक्य ते होतं. त्यांनी पान उलटून खात्री केली आणि पुढच्याला बोलवायला सांगितलं.

मुलांना निकाल कळवायचं कबूल केलं होतं, म्हणून सोप्या भाषेत एक पान लिहून अभ्यासिकेत घेऊन गेले. दारातच नवा छापील बोर्ड दिसला: ‘अभ्यास करताना मोबाइल ऑफिसात जमा करावा. स्मरणशक्ती वाढते, संशोधनाने सिद्ध.’ काका खुशीत होते. “तुमच्या प्रयोगावरूनच केलाय,” म्हणाले. मी त्यांना माझं पान वाचून दाखवलं, पी म्हणजे काय तेही सांगितलं. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. “म्हणजे कपाटवाल्यांचे जास्तच आले ना?” किंचित, आणि तो योगायोगही असू शकतो, मी म्हटलं. बरीच घासाघीस झाल्यावर ते दुसऱ्या वाक्यावर पांढरी पट्टी चिकटवायला तयार झाले. पहिलं वाक्य आजही आहे. आणि कपाटाला आता कुलूप लावतात, महिन्याला वीस रुपये.