दहा तारखेची रात्र आणि आमचा २०१३ चा कॉम्प्युटर

ज्यांच्या घरी जीएसटीचं काम चालतं त्यांना दहा तारखेची रात्र काय असते ते सांगायला नको. दर महिना रिटर्न भरणाऱ्यांना जीएसटीआर-१ ची, म्हणजे विक्रीच्या बिलांच्या रिटर्नची, शेवटची तारीख ११ असते, माझ्याकडं नऊ छोट्या पार्ट्या आहेत, त्यातले सहाजण टॉवेल-चादरवाले, आणि ते सगळे बिलं देणार नऊ तारखेला संध्याकाळी. तर त्या रात्री साडेनऊला मी एक्सेलमध्ये आकडा टाकला आणि तो स्क्रीनवर यायला मी मोजून अकरा सेकंद थांबले. पुढचा आकडा, परत तेवढंच. रात्री अडीचला काम संपलं, डोळे भरून आलेले, आणि तेव्हाच ठरवलं की पुढची दहा तारीख यायच्या आत याचा निकाल लावायचा.

कॉम्प्युटर म्हणजे २०१३ साली असेंबल करून घेतलेला, तिसऱ्या जनरेशनचा आय-३, चार जीबी रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी), ५०० जीबीची साधी हार्ड डिस्क. आधी विंडोज ७ होतं, २०१६ ला फुकट अपग्रेड चालू होतं तेव्हा १० करून घेतलं. एका दुकानात दाखवला तर त्यांनी चालू करूनसुद्धा बघितला नाही, म्हणले मॅडम हे आता भंगारात द्या, नवीन घ्या, नाहीतर फॉरमॅट मारून देतो. फॉरमॅट म्हणजे अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर परत टाका, डिजिटल सहीचं टोकन परत सेट करा, प्रिंटर परत जोडा. मला ते नको होतं. राग आला तो याचा की मशीनला नेमकं काय होतंय हे बघायचं कष्टच कुणी घेतलं नाही.

आमचे सासरे, अण्णा, आयुष्यभर यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते. त्यांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही पण ते म्हणले, "अगं, माग बंद पडला की आम्ही आधी उभं राहून बघायचो कुठं अडकायलाय ते, लगेच पार्ट बदलत नव्हतो." मी एक वही घेतली. रोज सकाळी विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये (कुठला प्रोग्राम किती मेमरी आणि डिस्क वापरतो ते दाखवणारी खिडकी) बघून लिहायचं: बटण दाबल्यापासून काम करता येईपर्यंत किती मिनिटं, काही न उघडता मेमरी किती, सगळं उघडल्यावर किती, डिस्क किती टक्के, एक्सेलची मोठी फाइल उघडायला किती वेळ. पहिल्या दिवशीची नोंद: साडेसहा मिनिटं, २.७ जीबी, ९४ टक्के, १०० टक्के, चार मिनिटं दहा सेकंद.

माझा भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, फोनवर त्याला हे वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मामी, कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडताय ते बरोबर आहे, पण डिस्क १०० टक्के दिसतीय म्हणून डिस्कच्या मागं लागू नका." मी मात्र आधी लागलेच होते, कुठंतरी वाचलं म्हणून नेहमीचे प्रोग्राम आधीच रॅममध्ये आणून ठेवणारी सिसमेन नावाची सर्व्हिस बंद केली, फाइल शोधायला यादी करून ठेवणारं सर्च इंडेक्सिंग बंद केलं, दोन दिवस वहीत आकडे लिहिले, काही फरक नाही. मग दोन्ही परत चालू करून टाकलं, कारण जे बंद करून उपयोग नाही ते बंद का ठेवायचं.

त्यानं मला रिसोर्स मॉनिटर उघडायला लावला, टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्येच खाली त्याची लिंक असते, त्यात मेमरीच्या टॅबमध्ये हार्ड फॉल्ट्स म्हणून एक रकाना आहे. आकडा शेकड्यात नाचत होता. हार्ड फॉल्ट म्हणजे काही बिघाड नाही, एखाद्या प्रोग्रामला हवी असलेली गोष्ट रॅममध्ये सापडली नाही आणि ती हार्ड डिस्कवरून आणावी लागली, एवढाच त्याचा अर्थ. रॅम भरली की विंडोज त्यातलं काही उचलून डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये ठेवतं, गरज पडली की परत आणतं, आणि साधी हार्ड डिस्क रॅमच्या मानानं इतकी हळू की सगळी रांग तिथंच लागते. म्हणजे डिस्क १०० टक्के दिसत होती ती रॅमच्या दुखण्यामुळं. हे समजलं तेव्हा मला खरंच हायसं वाटलं, कारण आता शोधायचं काय ते ठरलं: रॅम कोण खातंय.

इथं एक सांगते, रॅम मोकळी करून देणारे ते बूस्टर नावाचे प्रोग्राम घालू नका. ते बाकीच्या प्रोग्रामना रॅममधून ढकलतात, टक्केवारी खाली आलेली दिसते, आणि पुढच्याच मिनिटाला तेच सगळं परत डिस्कवरून आणावं लागतं. वर तो बूस्टर स्वतः जागा अडवून बसतो.

तर कोण कोण निघालं. दोन अँटिव्हायरस! एकाची मुदत कधीच संपलेली तरी तो चालू, दुसरा नंतर घातलेला, आणि दोघं मिळून प्रत्येक फाइल दोनदा तपासणार. दोन्ही काढले, जुना नुसत्या अनइन्स्टॉलनं पूर्ण गेला नाही, त्याच कंपनीचं काढायचं वेगळं टूल वापरावं लागलं. दुसरा अँटिव्हायरस नसला की विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप चालू होतो, तो झालाय का ते मात्र जाऊन बघितलं. मग स्टार्टअप टॅब उघडला तर त्यात २०१४ ला विकून टाकलेल्या प्रिंटरचा प्रोग्राम, कुठल्यातरी जुन्या मोबाइलचं सिंकचं सॉफ्टवेअर, मुलानं कधी घातलेला गेमचा लाँचर, तीन वेगवेगळे अपडेटर. जे काय आहे ते नक्की कळलं तेच डिसेबल केलं, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर आणि साउंडचं हात न लावता ठेवलं. डिसेबल केलेलं परत इनेबल करता येतं, म्हणून भीती वाटली नाही. ब्राउझर बंद केला तरी त्याच्या काही गोष्टी मागं चालू राहतात, क्रोममध्ये सेटिंगमधल्या सिस्टीममध्ये ते बंद करायची सोय आहे, तिथंच जवळपास मेमरी सेव्हर पण आहे, न वापरलेले टॅब झोपवणारं. ते चालू केलं, दोन एक्स्टेन्शन काढले.

दुसऱ्या दिवशी वहीत लिहिलं: काही न उघडता १.७ जीबी. एक पैसा खर्च न करता एक जीबी मोकळी!

एक चूक पण झाली. सी ड्राइव्हवर जागा कमी होती म्हणून टेम्पररी फाइल्स, जुन्या अपडेट्स वगैरे डिस्क क्लीनअपनं काढल्या, ते ठीकच, पण त्याच भरात हायबरनेशन (चालू काम डिस्कवरच्या फाइलमध्ये ठेवून बंद व्हायची सोय) पण बंद केलं, सुमारे दीड जीबी मिळाली. आणि सकाळी कॉम्प्युटर चालू व्हायला आदल्या दिवसापेक्षा जास्त वेळ! विंडोज १० चं फास्ट स्टार्टअप त्याच हायबरनेशनच्या फाइलवर चालतं, ती गेली की ते पण जातं. साध्या हार्ड डिस्कवाल्यांनी हायबरनेशन बंद करायच्या नादी लागू नये. मी परत चालू केलं.

एवढं होऊनही एक्सेलची ती मोठी फाइल तशीच रडत होती, आणि टास्क मॅनेजरमध्ये एकटं एक्सेल ९०० एमबी खात होतं. फाइलचा साइज ३४ एमबी, आणि त्यात बिलं किती तर जेमतेम दोन हजार. भाचा म्हणाला कंट्रोल एंड दाबा, ते वापरलेल्या शेवटच्या ओळीवर नेतं. दाबलं, आणि कर्सर गेला थेट १०,४८,५७६ नंबरच्या ओळीवर, म्हणजे एक्सेलची शेवटचीच ओळ. तेव्हा लक्षात आलं, दोन वर्षांपूर्वी मी पार्टीचं नाव आणि टॅक्सचा रेट आपोआप यावा म्हणून दोन कॉलमना फॉर्म्युला लावून तो पार खालपर्यंत ओढलेला, ओळ रिकामी असेल तर काही दाखवू नको असं त्यात लिहिलेलं, त्यामुळं दिसायला सगळं कोरं, पण आत वीस लाखांवर फॉर्म्युले बसलेले. वरच्या रेटच्या यादीला हात लागला की सगळे परत मोजायला घेणार. मी आधी फाइलची कॉपी करून ठेवली, पाच हजारच्या खालच्या सगळ्या ओळी सिलेक्ट करून उजवं बटण दाबून डिलीट केल्या, सेव्ह करून बंद केली, परत उघडली. दीड एमबी. आठ सेकंदात उघडली. मी सासूबाईंना हाक मारून दाखवली, त्यांना काय कळलं नाही पण माझा आनंद बघून त्या पण हसल्या.

आता राहिलेलं एक, ते मात्र आमच्या सोलापूरचंच म्हणायचं. आमचं घर अशोक चौकाच्या मागं, शेजारी दोन्ही बाजूला यंत्रमाग, दिवसभर खटखट आणि हवेत सुताचं तूस. सीपीयू (कॉम्प्युटरची मुख्य चिप) १०० टक्के असताना टास्क मॅनेजरमध्ये स्पीड बघितला तर ३.३ ऐवजी १.६ गिगाहर्ट्झच्या आसपास. काम नसताना स्पीड कमी दिसणं बरोबरच असतं, वीज वाचवायला ते तसं होतं, पण भर कामात कमी दिसला म्हणजे चिप तापलीय आणि स्वतःला वाचवायला हळू चाललीय. आणि हा मे महिना, बाहेर ४२-४३. प्लग काढला, कॅबिनेट उघडलं, तर सीपीयूच्या फॅनखाली तुसाची चक्क गादी तयार झालेली, हवा जायला फटच नाही. अण्णा उठून आत गेले आणि त्यांचा माग साफ करायचा जुना ब्रश घेऊन आले. फॅन बोटानं धरून ठेवला म्हणजे तो गरगरत नाही, पात्यांमधलं ब्रशनं, हीटसिंकच्या (चिपची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या) फटीतलं चिमट्यानं, ओलं फडकं अजिबात नाही. हीटसिंक उचलला नाही, उचलला की नवीन थर्मल पेस्ट लावावी लागते. अर्धा तास ते एकाग्र होऊन काढत होते, मी टॉर्च धरला होता, आणि निवृत्तीनंतर त्यांना असं मन लावून काम करताना मी पहिल्यांदाच बघितलं. त्यानंतर भर कामात ३.३ च्या खाली आलं नाही.

शेवटी खर्च एकच केला. परफॉर्मन्सच्या टॅबमध्येच स्लॉट दोनपैकी एक वापरात असं लिहिलेलं दिसलं होतं, म्हणजे एक जागा रिकामी. डीडीआर३, डेस्कटॉपची, पहिलीच्याच स्पीडची चार जीबीची वापरलेली रॅम मिळाली, जुनी होती म्हणून स्वस्तात, लॅपटॉपची छोटी असते ती बसत नाही एवढं बघून घ्या. एसएसडी (साध्या हार्ड डिस्कपेक्षा खूप वेगवान डिस्क) दिवाळीला घालणार आहे, चालू व्हायला अजून सव्वादोन मिनिटं लागतात ती डिस्कमुळंच.

आणखी एक गोष्ट, बँक आणि जीएसटीचं काम असल्यामुळं ती टाळून चालणार नव्हती. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, आणि आमच्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. सिक्युरिटी अपडेट वाढवून मिळायची जी सोय आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची, ती विंडोज अपडेटच्या सेटिंगमधून घेतली. त्यानंतर या कॉम्प्युटरवर लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टीम) टाकून तो मुलाच्या अभ्यासाला द्यायचा आणि कामाला दुसरा घ्यायचा असं घरात ठरलंय.

या दहा तारखेला नवव्या पार्टीचं रिटर्न आठ वाजून चाळीस मिनिटांनी गेलं. वहीत वेळ लिहिली, कॉम्प्युटर बंद केला आणि सगळ्यांबरोबर गरम भाकरी खाल्ली.