जाम घाटातली पंधरावी गाडी

इंदूरच्या राजेंद्रनगर भागात माझे दुचाकी दुरुस्तीचे गॅरेज आहे आणि महिन्यातून एका रविवारी मी गिऱ्हाइकांना लांबच्या राईडला घेऊन जातो. त्याचे मी पैसे घेतो, त्यामुळे सोबत निघालेला प्रत्येक माणूस धडधाकट घरी परत आणणे ही माझी जबाबदारी ठरते. ऑगस्टमधल्या एका रविवारी त्यात माझ्याकडून जी कसूर झाली, ती अजून मनातून जात नाही.

त्या दिवशी महेश्वरचा बेत होता. इंदूरहून महेश्वरला आग्रा-मुंबई मार्गाने मानपूर, धामनोदवरूनही जाता येते, पण त्या वाटेवरच्या गणपती घाटाच्या उतारावर ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांनी किती बळी घेतले आहेत हे आमच्याकडे सर्वांना ठाऊक आहे. म्हणून मी महूवरून जाम घाटाने उतरून मंडलेश्वरला निघणारा रस्ता निवडला. पंधरा गाड्या होत्या. ओळखू यावे म्हणून प्रत्येक गाडीच्या मागच्या कॅरिअरला भगव्या साटीनची वीतभर फीत बांधली होती. पुढे लीडला मी, आणि शेवटी स्वीपला हत्यारांची पिशवी घेऊन माझा कारागीर.

पंधरा गाड्यांची एकच साखळी करणे ही माझी पहिली चूक. मोकळ्या रस्त्यावर आम्ही नागमोडी रांगेत चालतो, म्हणजे पहिली गाडी लेनच्या उजव्या बाजूला, दुसरी एका सेकंदाच्या अंतरावर डाव्या बाजूला, तिसरी पुन्हा उजवीकडे. मात्र अरुंद रस्त्यावर आणि वळणांवर एकेरी रांग करावीच लागते आणि दोन गाड्यांमध्ये किमान दोन सेकंदांचे अंतर ठेवावे लागते. ताशी पन्नासच्या वेगाने पंधरा गाड्यांची अशी रांग सुमारे चारशे मीटर लांब होते आणि एका ठिकाणावरून पूर्ण पुढे सरकायला तिला जवळजवळ अर्धा मिनिट लागतो. महूच्या बाजारात एवढा वेळ कोण देणार? एक बस आडवी आली, आणि माझ्यासह आठ जण पुढे निघालो, सात जण मागे राहिले.

मागच्या सातांत सर्वांत पुढे एक काका होते, बँकेतून निवृत्त झालेले, वय एकसष्ट, गाडी अत्यंत जपून चालवणारे. अशा माणसाची जागा लीडच्या लगेच मागे असायला हवी, कारण पुढचा थोडासा वेग वाढवतो तेव्हा शेवटच्यांना तेच अंतर भरून काढायला पुष्कळ अधिक वेग घ्यावा लागतो. काका मधे होते, कारण निघताना त्यांनी तिथे गाडी लावली आणि मी ती हलवायला सांगितली नाही.

बस सरकल्यावर काका निघाले. नेमक्या त्याच वेळी त्यांच्या मागच्या गाडीची चेन उतरली, स्वीप थांबला, त्याच्याबरोबर बाकीचेही थांबले. काकांची नजर पुढे आम्हाला शोधत होती, त्यामुळे आरशातून मागची गाडी नाहीशी झाल्याचे त्यांच्या लक्षात आले नाही. पन्नासच्या वेगाने चाललेल्या गटापासून दोन मिनिटे मागे पडलेल्याने साठच्या वेगाने गट गाठायचे म्हटले, तर दहा मिनिटे आणि दहा किलोमीटर जातात, आणि पावसाने निसरड्या झालेल्या रस्त्यावर तो सारा वेळ त्याचे लक्ष रस्त्यापेक्षा लांबच्या लाल दिव्यांवर असते.

घाटमाथ्यावरच्या जाम गेटवर दाट धुके होते. अहिल्याबाई होळकरांनी १७९१ साली बांधलेला तो दरवाजा वीस पावलांवरून नुसत्या काळ्या सावलीसारखा दिसत होता. आम्ही आठही जणांनी गाड्या रस्ता सोडून भुट्ट्याच्या टपऱ्यांमागे लावल्या. रस्त्यावर मी एकही माणूस उभा ठेवला नाही. वीस-पंचवीस मिनिटांनी मागचे आले, तेव्हा मी माणसे न मोजता गाड्या मोजल्या. चौदा भरल्या. पुन्हा मोजल्या.

कारागीर म्हणाला, "दादा, काका तर तुमच्याबरोबर आहेत ना?"

मी म्हणालो, "अरे, ते तुझ्या पुढे होते."

काकांच्या फोनला रेंज नव्हती. ते मागेच कुठेतरी राहिले असणार अशी माझी पक्की समजूत झाली आणि मी दोघांना महूकडे परत पाठवले. त्यात अर्धा तास गेला. त्यानंतर घाट चढून एक दूधवाला आला. रिकाम्या कॅन लटकवलेली त्याची मोटरसायकल आमच्यापाशी थांबली, त्याने माझ्या कॅरिअरची फीत बोटांत धरून पाहिली आणि अशीच फीत लावलेली एक गाडी खाली वळणावर पडली आहे असे सांगितले.

काका आम्हाला ओलांडून पुढे गेले होते. धुक्यात आम्ही त्यांना दिसलो नाही, ते आम्हाला दिसले नाहीत, आणि जे मागे उभे होते त्यांना गाठण्यासाठी ते घाट उतरत वेग वाढवत गेले. डाव्या वळणावर वाहून आलेल्या मुरुमावर पुढचे चाक घसरले. मी पोहोचलो तेव्हा ते कठड्याला टेकून बसले होते, हेल्मेट मांडीवर, उजवा हात छातीशी धरलेला. क्लचचा लिव्हर आतल्या बाजूला वाकला होता. त्यांनी मला पाहिले आणि विचारले, "अरे, तुम्ही मागून कसे आलात?"

मंडलेश्वरच्या दवाखान्यात गळपट्टीचे हाड मोडल्याचे निघाले. त्यांच्या सूनबाईंना फोन मीच केला. त्यांनी एकच विचारले, "शेवटचा माणूस कोण होता त्यांच्याबरोबर?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

त्यानंतर मी सातहून मोठा गट केलेला नाही. माणसे जास्त असली तर दोन गट, प्रत्येकाला स्वतंत्र लीड आणि स्वीप. प्रत्येक फाट्यावर पुढच्याने मागचा दिसेपर्यंत उभे राहायचे, आणि मागचा आरशातून दिसेनासा झाला की आपला वेग कमी करायचा. असा वेग कमी करणारा त्याच्या पुढच्याच्या आरशातून दिसेनासा झाला की तोही वेग कमी करतो, आणि असे करत निरोप बोलल्यावाचून लीडपर्यंत पोहोचतो. हातवाऱ्यांच्या लांबलचक याद्या मी आता शिकवत नाही, कारण पावसात त्या कोणाच्या लक्षात राहत नाहीत. थांब्यांची नावे मात्र प्रत्येकाकडे कागदावर लिहून देतो आणि निघण्यापूर्वी एकेकाकडून म्हणवून घेतो: चुकलो तर पुढच्या थांब्यावर थांबायचे, त्यापुढे एक पाऊलही नाही. थांब्यावर एक जण गाडी बंद न करता, इंडिकेटर चालू ठेवून, भर रस्त्याच्या कडेला उभा असतो.

दिवाळीनंतर आम्ही पुन्हा त्याच वाटेने गेलो. काकांनी अजून गाडी हातात घेतलेली नव्हती, तरी ते मुलाच्या मोटारीतून जाम गेटपर्यंत आले. आम्ही पोहोचलो तेव्हा दरवाजापाशी, रस्त्याच्या अगदी कडेला, ते भगवी फीत मनगटाला बांधून उभे होते आणि येणारी प्रत्येक गाडी मोठ्याने मोजत होते.