पालकत्वाच्या अर्जासाठी आईची वैद्यकीय तपासणी : इंदूरमधल्या दोन फेऱ्या

काल दुपारी आईला घेऊन रामबागेत घरी पोचले. पाय भरून आलेत, तरी आजच लिहितेय. आम्हाला ज्याने त्याने वेगळाच रस्ता सांगितला आणि त्यात फरफट आईची झाली.

आई 79 वर्षांची, निवृत्त शिक्षिका. चार वर्षांपासून डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश. ठेव तिच्या एकटीच्या नावावर आणि रात्रीच्या बाईंचा पगार त्यातूनच द्यायचा. तिच्या वतीने व्यवहार करायला माझ्याकडे तिचं मुखत्यारपत्र होतं, त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो. ते आता चालत नाही. 1872 च्या करार कायद्याचं कलम 201 सांगतं की देणाऱ्याचं चित्त ठिकाणावर राहिलं नाही की मुखत्यारी तिथेच संपते.

म्हणजे तिच्यासाठी कायदेशीर पालक नेमून घ्यायला हवा. मग एका ओळखीच्यांनी कलेक्टरांच्या समितीकडे पाठवलं. ती समिती 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालची आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठीच ती पालक नेमते, डिमेन्शिया त्यात बसत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात नामनिर्देशित प्रतिनिधी आहे, पण तो उपचारांपुरता. शेवटी वकीलसाहेबांनी घटनेच्या कलम 226 खाली उच्च न्यायालयात अर्ज करायचं ठरवलं. खंडपीठ इंदुरातच आहे, त्यामुळे ‘जबलपूरला जावं लागेल’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. अर्जाला ताजा वैद्यकीय अहवाल हवा, आणि खरा त्रास तिथेच आहे.

आधी एका खाजगी दवाखान्यात 4,500 रुपये देऊन दाखला घेतला. दोन ओळी: ‘डिमेन्शिया आहे, व्यवहार करू शकत नाही.’ तपासणीची तारीख नाही, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक नाही. वकीलसाहेबांनी तो बाजूला ठेवला. पैसे पाण्यात.

मग सरकारी रुग्णालय. पहिली फेरी मी आयुष्यभर विसरणार नाही. सकाळी नऊला रांगेत लागलो. केसपेपर, बाह्यरुग्ण विभाग, सगळं साडेअकरापर्यंत उरकलं. तिथून स्मरणशक्तीच्या चाचणीच्या खोलीत पाठवलं, ती मागच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट बंद. आई कठडा धरून एकेक पायरी चढली. वर पोचलो तर ‘जेवणानंतर या’. बोळात एकच बाक होता, पंखा नव्हता. अडीच वाजेपर्यंत ती ‘घरी चल, शाळा सुटली असेल’ हेच म्हणत राहिली. डिमेन्शियाच्या माणसाचा गोंधळ दुपार उतरू लागली की वाढतो, हे घरी रोज दिसत होतं. तरी मी ती वेळ नाकारली नाही. ही माझी चूक. आदल्या रात्री तिला झोपेची गोळी दिली होती आणि कानयंत्राची बॅटरी उतरली होती, या आणखी दोन.

आत गेल्यावर प्रश्न हिंदीत. “माताजी, आज क्या तारीख है?” आई म्हणाली, “आज संकष्टी.” शून्य गुण. संकष्टीच होती हो! माझ्या पिशवीत साबुदाण्याच्या खिचडीचा डबा होता. तीस गुणांच्या चाचणीत तिला अकरा मिळाले.

दुसरी फेरी कालची. या वेळी आधी फोन करून सकाळची पहिली वेळ मागून घेतली. गोळी बंद ठेवायची का ते डॉक्टरांना विचारून ठेवलं, कानात नवी बॅटरी, डोळ्याला चश्मा, आणि मराठी बोलणाऱ्या डॉक्टरबाई. मधल्या तीन आठवड्यांत थायरॉइड, बी-12 आणि लघवीची तपासणीही झाली. लघवीत जंतुसंसर्ग निघाला, त्यावर औषध दिलं. म्हातारपणी नुसत्या त्यानेही माणूस बरळू लागतं, म्हणून या तपासण्या आधी करून घ्याच. या वेळी अठरा गुण. शंभरातून सात वजा करत ती तीन पायऱ्या बरोबर गेली.

पण गुण म्हणजे क्षमता नव्हे, आणि न्यायालयाला गुणांपलीकडचं हवं असतं. डॉक्टरबाईंनी एकेक व्यवहार वेगळा विचारला. ठेव मोडली तर पुढे काय होईल, हे समजावलेलं पाच मिनिटांनी आईच्या ध्यानात राहिलं नाही. कुणाकडे राहायचं, हे मात्र तिने तासाभरात तीनदा विचारूनही एकच सांगितलं: “हिच्याकडे. धाकट्याकडे जिने फार.” अहवालात दोन्ही वेगळं लिहिलं आहे: पैशांचे निर्णय समजत नाहीत, राहण्याबद्दलची इच्छा स्पष्ट आहे. म्हणून आता आम्ही ठेव आणि पेन्शन यांपुरताच अधिकार मागतोय. तिचं मत विचारूनच निर्णय घ्यायचा, असं 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 14 मर्यादित पालकाबद्दल, म्हणजे ठराविक निर्णयांपुरत्या नेमलेल्या पालकाबद्दल सांगतं. सरसकट सगळं मागा म्हणणाऱ्या नातेवाइकांना स्पष्ट नाही म्हणा. तुमच्या आईचा आवाज तुम्हीच बंद करून टाकाल.

मेंदूविकारतज्ज्ञांची भेट सुरळीत झाली, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. रुग्णालयाच्या फाटकाबाहेर ‘बोर्डाचं (वैद्यकीय मंडळाचं) सर्टिफिकेट’ आठ हजारांत देणारा एक माणूस भेटेल. त्याच्याशी बोलूच नका.

आणि अहवाल हातात आला की तिथेच उभं राहून वाचा. तारीख, वेळ, कोणत्या भाषेत विचारलं, कानयंत्र होतं की नाही, पुन्हा कधी तपासायचं, हे सगळं त्यात हवं. आईच्या नावातली एक वेलांटी आधारपेक्षा वेगळी पडली होती. मी जिन्यावरूनच परत फिरले आणि ती दुरुस्त करून, शिक्का मारून घेतली.